विच्छिन्न तुमंत

इंग्रजी भाषेतील एक वाक्यरचना व तिच्यासंबंधीचा एक निषेधनियम. इंग्रजीत क्रियापदाच्या मूळ रूपापूर्वी ‘टू’ हा शब्द ठेवून जे रूप सिद्ध होते, त्यास ‘इन्फिनिटिव्ह’ म्हणतात. ‘टू गो’ म्हणजे जाणे किंवा जाण्यास, ‘टू रीड’ म्हणजे वाचणे किंवा वाचण्यास, ही त्याची उदाहरणे होत. संस्कृतातील ‘कर्तुम्’, ‘गन्तुम्’ या तुम्-प्रत्ययान्त रूपांशी त्याचे कार्य बऱ्याच अंशी जुळत असल्यामुळे त्यास ‘तुमंत’ असे म्हणता येते. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण वा अन्य शब्द आला, तर त्या रचनेस ‘स्प्लिट इन्फिनिटिव्ह’ म्हणजे दुभंगलेले किंवा विच्छिन्न तुमंत अशी संज्ञा आहे. उदा., ‘टू क्लीअरली अंडरस्टँड’ (स्पष्टपणे समजणे). भारतातील सरकारी व व्यापारी पत्रव्यवहारात सर्रास आढळणारी ‘यू आर रिक्वेस्टेड टू काइंडली...’ ही विनंतीची शब्दयोजना याच प्रकारात मोडते.

अशी रचना अशुद्ध असून ती कटाक्षाने टाळली पाहिजे, असा नियम एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. इंग्लंड-अमेरिकेतील शाळा, मुद्रणालये, वृत्तपत्रे व कार्यालये यांवर त्याने शंभराहून अधिक वर्षे अधिकार गाजविला आणि पाठ्यव्याकरणांच्या द्वारे तो भारतातील इंग्रजी शिक्षणातही उतरला. तथापि या नियमाला इंग्रजीच्या इतिहासात किंवा तिच्या घडणीत पुरेसा आधार सापडत नाही, असे भाषाभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकापासूनच दाखवून दिले आहे. व्याकरणातील एखादा नियम भाषेतून निघालेला आहे की भाषेवर बाहेरून लादलेला आहे, हे कसे तपासावे, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

रचनेचा इतिहास : प्राचीन इंग्रजीत तुमंताचे दोन प्रकार होते. एक केवळ प्रत्ययाने सिद्ध होणारा व दुसरा ‘टू’ या शब्दयोगी अव्ययानंतर येणारा. या दुसऱ्या प्रकारात क्रियेचे रूप नामाप्रमाणे चतुर्थीसदृश विभक्तीत चालविले जाई. तेथे ‘टू’चा अर्थ ‘कडे’ वा ‘साठी’ असा होता आणि ते रूपाच्या लगेच आधी येई. अकराव्या शतकानंतर इंग्रजीतील विभक्ति-प्रत्यय झिजत गेले. तुमंताचा अंत्य प्रत्ययही क्रमाने क्षीण होऊन पंधराव्या शतकाच्या सुमारास बहुतांशी लोपला. प्रत्यय गेल्यामुळे तुमंताची ओळख पटविण्याचे काम ‘टू’कडे आले व त्याचा मूळचा ‘कडे’ हा अर्थ पुसट झाला.

याच संक्रमणकाळात ‘टू’ व क्रियापद यांच्यामध्ये अन्य शब्द येऊ लागला. तेराव्या शतकातील लायामन या कवीच्या ब्रुट  या काव्यात ‘टू’ व क्रियापद यांमध्ये सर्वनाम आल्याचे आढळते आणि ते अशा रचनेच्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी मानले जाते. चौदाव्या शतकात बायबलच्या इंग्रजी भाषांतराशी ज्याचे नाव निगडित आहे, तो धर्मसुधारक जॉन विक्लिफ (सु. १३३०–८४) आणि पंधराव्या शतकातील बिशप रेजिनल्ड पीकॉक यांच्या लेखनात ही रचना वारंवार येते. विक्लिफचा थोर समकालीन कवी जेफ्री चॉसर (सु. १३४३–१४००) याच्या लेखनात मात्र ती क्वचितच दिसते.

सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लिखित इंग्रजीत ही रचना विरळ झाली. एडमंड स्पेन्सर, जॉन ड्रायडन व अलेक्झांडर पोप यांच्या लेखनात आणि १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राजा जेम्सच्या आज्ञेने तयार झालेल्या बायबलमध्ये ती आढळत नाही. शेक्सपिअरच्या लेखनातही ती जवळजवळ नाहीच. मात्र या काळातही तिचा प्रवाह पूर्णपणे आटला नव्हता. जॉन डन या कवीने ती अनेकदा योजिली आणि सॅम्युएल पेपिस व डॅन्येल डीफो यांच्या लेखनातही ती सापडते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ती पुन्हा वाढीस लागली. बेंजामिन फ्रँक्लिन, रॉबर्ट बर्न्झ, वर्ड्‌स्वर्थ, अब्राहम लिंकन, जॉर्ज एलियट व हेन्री जेम्स अशा विविध प्रकृतींच्या लेखकांनी तिचा अवलंब केला.

या आलेखाला महत्त्व आहे. ही रचना अर्वाचीन काळातील निष्काळजी लेखकांनी निर्माण केलेली नसून ती सु. सातशे वर्षे जुनी आहे. मध्यंतरीच्या दोन-अडीच शतकांत ती मंदावली. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नेमका हाच मधला काळ होता व त्या काळातील प्रतिष्ठित ग्रंथ हाच त्यांना भाषेचा सनातन आदर्श वाटला.

निषेधाचा उगम : इंग्रजी व्याकरणातील अनेक कठोर नियमांचे जनकत्व बिशप रॉबर्ट लाउथ (१७१०–८७) याच्याकडे दिले जाते. त्याचे इंग्रजी व्याकरण १७६२ मध्ये प्रसिद्ध झाले व ते दीर्घकाळ प्रमाणभूत गणले गेले. तथापि विच्छिन्न तुमंताचा निषेध त्यात नाही. ज्याला पुढे सनातन नियमाचे स्थान मिळाले, तो अठराव्या शतकातील या कडक व्याकरणकारास ठाऊकच नव्हता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या रचनेविरुद्धचे सर्वांत जुने ज्ञात मत जॉन कॉम्ली या अमेरिकन शिक्षकाच्या १८०३ मधील व्याकरणात आढळते. त्यानंतरचा महत्त्वाचा लेख १८३४ मध्ये अमेरिकेतील न्यू इंग्लंड मॅगझिन  या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखकाने आपले नाव न देता केवळ एक आद्याक्षर दिले होते. अशी रचना अशिक्षित लोकांत आढळते, चांगले लेखक ती सहसा करीत नाहीत, म्हणून ती टाळण्याचा नियम नवशिक्या लेखकांस उपयुक्त ठरेल, असा त्याचा युक्तिवाद होता. या विषयावर पूर्वी कोणी नियम सांगितल्याचे आपल्या पाहण्यात नाही, असेही त्याने प्रांजळपणे नमूद केले. म्हणजे या नियमाचा आरंभीचा पुरस्कर्ताच तो नवा असल्याचे सांगत होता आणि त्याचे समर्थन व्याकरणाच्या तत्त्वावर नव्हे, तर शिष्टांच्या प्रचारावर आधारीत होता.

इंग्लंडमध्ये या मताला मोठे बळ मिळाले ते कँटरबरी कॅथीड्रलचा डीन हेन्री ऑल्फर्ड (१८१०–७१) याच्यामुळे. १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या ए प्ली फॉर द क्वीन्स इंग्लिश  या त्याच्या लोकप्रिय पुस्तकात त्याने ‘टू’ व क्रियापद ही अविभाज्य असल्याचे सांगून त्यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालण्याची रीत इंग्रजी वक्ते व लेखक यांना अपरिचित असल्याचे मत मांडले. वस्तुस्थितीच्या दृष्टीने हे विधान चुकीचे होते. परंतु औद्योगिक क्रांतीनंतर नव्याने शिकून वर येणाऱ्या मध्यमवर्गास शिष्ट भाषेची ठळक व सहज ओळखता येणारी लक्षणे हवी होती. विच्छिन्न तुमंत ओळखण्यास वाक्याचा अर्थही समजून घ्यावा लागत नाही. ‘टू’ नंतरचा शब्द पाहिला की पुरते. हा नियम झपाट्याने पसरण्याचे एक कारण त्याच्या या सोपेपणात शोधता येते. ‘स्प्लिट इन्फिनिटिव्ह’ ही संज्ञा तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. काहीतरी अखंड होते व ते फोडले गेले, असे ही संज्ञाच सुचविते. त्यामुळे नावातच दोषारोप सामावला गेला.

लॅटिनची उपपत्ती : या नियमाविषयी एक उपपत्ती सर्वत्र सांगितली जाते. लॅटिनमध्ये तुमंत हा एकच शब्द असतो, उदा., ‘अमारे’ म्हणजे प्रेम करणे. तो फोडता येणे शक्यच नाही. लॅटिनला आदर्श मानणाऱ्या व्याकरणकारांनी तेच बंधन इंग्रजीवर लादले, अशी ही उपपत्ती आहे. इंग्रजी व्याकरणाच्या परिभाषेवर व वर्गीकरणावर लॅटिनचा मोठा प्रभाव पडला, हे निर्विवाद असल्यामुळे ती पटण्याजोगी वाटते.

परंतु नियमाच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांचे मूळ लेखन तपासले असता तिला फारसा आधार मिळत नाही. १८३४ चा निनावी लेखक चांगल्या लेखकांच्या प्रघाताचा दाखला देतो. ऑल्फर्ड इंग्रजी वहिवाटीचा दाखला देतो. लॅटिनचा युक्तिवाद मुख्यतः नियमाच्या विरोधकांनी नंतर प्रतिपक्षाच्या तोंडी घातलेला दिसतो. अशा रीतीने एका निराधार नियमाचे खंडन करताना त्याच्या उगमाविषयी दुसरी, जवळजवळ तितकीच निराधार कथा रूढ झाली. लॅटिनमध्ये एखादी रचना अशक्य आहे म्हणून ती इंग्रजीत त्याज्य ठरत नाही, हा मुद्दा स्वतंत्रपणे योग्यच आहे; परंतु नियमाचा उगम त्यावरून सिद्ध होत नाही.

अभ्यासकांचे आक्षेप : या नियमाची ऐतिहासिक पुराव्यानिशी तपासणी करणाऱ्यांत फिट्‌सएडवर्ड हॉल (१८२५–१९०१) हा अमेरिकन पंडित अग्रगण्य होय. त्याचे भारताशी निकटचे नाते होते. १८४६ मध्ये तो ज्या जहाजाने येत होता, ते गंगेच्या मुखाशी फुटले व त्यास भारतात राहावे लागले. येथे त्याने भारतीय भाषांचा अभ्यास केला, १८५० मध्ये बनारसच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयात त्याची नेमणूक झाली व १८५३ मध्ये तो तेथे संस्कृत व इंग्रजीचा प्राध्यापक झाला. पुण्यात जन्मलेले ज्योतिर्गणिती बापूदेव शास्त्री हे त्याच महाविद्यालयात होते. त्यांच्या साहाय्याने हॉलने संपादिलेला सूर्यसिद्धांत  १८५९ मध्ये कलकत्त्याहून पूर्ण प्रसिद्ध झाला. १८६२ मध्ये तो लंडनला गेला व किंग्ज कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक झाला. उत्तरायुष्यात त्याने ऑक्सफर्ड इंग्रजी कोशासाठी विनामूल्य व अविरत साहाय्य केले.

हस्तलिखिते पडताळून पाठ निश्चित करण्याची सवय असलेल्या हॉलने इंग्रजीच्या प्रश्नालाही तीच पद्धती लावली. ‘टू’ व तुमंत यांच्यामध्ये येणाऱ्या शब्दांविषयीचा त्याचा लेख १८८२ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिलॉलॉजी  या नियतकालिकात आला. चौदाव्या शतकापासून स्वतःच्या काळापर्यंतच्या ग्रंथांतील उदाहरणे क्रमाने मांडून ही रचना इंग्रजीच्या अंगची आहे, हे त्याने दाखविले. ‘इंग्रजी लेखकांना हे अपरिचित आहे’ या विधानाला याहून समर्पक उत्तर असू शकत नाही.

डॅनिश भाषावैज्ञानिक ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) याने संज्ञेवरच आक्षेप घेतला. ‘टू’ हा तुमंताचा अनिवार्य घटक नाही. नामापूर्वी येणारे ‘द’ हे उपपद जसे नामाचा भाग नसते, तसेच हे आहे. ‘द’ आणि नाम यांच्यामध्ये विशेषण आले, तर नाम दुभंगले असे कोणी म्हणत नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

इंग्रजी वापरकोशकार एच्. डब्ल्यू. फाउलर (१८५८–१९३३) याने ए डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसिज  (१९२६) या ग्रंथात या प्रश्नाचा विनोदबुद्धीने परामर्श घेतला. विच्छिन्न तुमंत म्हणजे काय हे न जाणणारे व त्याची पर्वाही नसलेले. न जाणणारे परंतु फार पर्वा करणारे. जाणून निषेध करणारे. जाणून संमती देणारे. आणि जाणून तारतम्य राखणारे, असे इंग्रजी भाषकांचे पाच वर्ग त्याने कल्पिले. त्यांपैकी पहिला वर्ग सर्वांत मोठा व सुखी असल्याचे त्याने सांगितले. त्याच्या मते ही रचना स्वतः होऊन स्वीकारण्याजोगी नसली, तरी संदिग्धता किंवा उघड कृत्रिमता यांपेक्षा ती बरी.

वाक्यरचनेच्या दृष्टीने विचार : ‘टू’ व क्रियापद मिळून एक अखंड रूप होते, हे नियमामागील गृहीतक इंग्रजीच्या व्यवहारात टिकत नाही. ‘तुला जायचे आहे का?’ या अर्थाच्या प्रश्नाला ‘आय डोन्ट वाँट टू’ असे उत्तर देता येते. तेथे क्रियापद गळते व ‘टू’ एकटे उरते. ‘टू रीड अँड राइट’ या शब्दसमूहात एकच ‘टू’ दोन क्रियापदांना पुरते. ‘कॅन’, ‘मस्ट’ यांसारख्या साहाय्यक क्रियापदांनंतर ‘टू’ न येता नुसते क्रियारूप येते. जे गळू शकते, वाटून घेता येते व वगळता येते, ते क्रियापदाचे अविभाज्य अंग मानता येत नाही. रॉडनी हडलस्टन व जेफ्री पलम यांनी संपादिलेल्या केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज  (२००२) या बृहद्‌व्याकरणात याच भूमिकेवरून, या रचनेत काहीही दुभंगलेले नसते, असे प्रतिपादन केले आहे.

अन्य भाषांशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. मराठीतील ‘करणे’, ‘करू’, ‘करायला’, ‘करण्यास’ ही रूपे प्रत्ययांनी सिद्ध होतात. धातू व प्रत्यय यांच्यामध्ये शब्द घालणे मराठी भाषकाच्या कल्पनेतही येत नाही. जर्मन भाषेत ‘त्सू’ हा इंग्रजी ‘टू’चा सगोत्र शब्द वेगळा लिहिला जात असला, तरी तो व तुमंत यांच्यामध्ये क्रियाविशेषण येऊ शकत नाही. जर्मन भाषकास ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही, कारण तसे वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. स्वीडिश भाषेत मात्र तुमंताच्या ‘अत्’ या चिन्हानंतर क्रियाविशेषण येऊ शकते. खऱ्या व्याकरणनियमाचे लक्षण येथे दिसून येते : भाषा जाणणारा मनुष्य तो सहसा मोडत नाही. इंग्रजी भाषकास ‘ही रचना करू नका’ असे पिढ्यान्‌पिढ्या बजावावे लागले, यावरूनच ती रचना त्याच्या भाषेत स्वाभाविक असल्याचे सिद्ध होते.

अर्थनिश्चिती : या निषेधाचा खरा तोटा वाक्याच्या अर्थाला बसतो. ‘द बोर्ड डिसाइडेड टू ग्रॅज्युअली क्लोज द स्कूल्स इट हॅड ओपन्ड’ हे वाक्य घेतले, तर मंडळाने आपण उघडलेल्या शाळा क्रमाक्रमाने बंद करण्याचे ठरविले, असा त्याचा एकच अर्थ होतो. नियम पाळण्यासाठी ‘ग्रॅज्युअली’ हा शब्द ‘टू’च्या आधी नेला, तर निर्णय क्रमाक्रमाने झाला की शाळा क्रमाक्रमाने बंद व्हायच्या, असा संशय उत्पन्न होतो. तो वाक्याच्या शेवटी नेला, तर शाळा क्रमाक्रमाने उघडल्या होत्या असा अर्थ निघू शकतो. क्रियापद व कर्म यांच्यामध्ये ठेवला, तर वाक्य इंग्रजी कानाला अवघडलेले वाटते. शाळा बंद होण्याचा प्रकार हाच येथे कळीचा मुद्दा असल्याने नियमभंग करणारे वाक्यच सर्वांत निर्दोष ठरते. काही ठिकाणी तर पर्यायच उरत नाही. निर्यात दुपटीहून अधिक करण्याची आशा व्यक्त करताना ‘टू मोर दॅन डबल’ असेच लिहावे लागते. ‘मोर दॅन’ हे शब्द तेथून हलविता येत नाहीत.

मराठीतही क्रियाविशेषणाचे स्थान अर्थावर परिणाम करते. ‘समितीने तातडीने अहवाल मागविण्याचे ठरविले’ या वाक्यात तातडी ठरविण्याची की मागविण्याची, हे संदिग्ध राहते. ‘समितीने अहवाल तातडीने मागविण्याचे ठरविले’ असे म्हटले की संशय फिटतो. क्रियाविशेषण आपल्या क्रियेच्या अगदी निकट ठेवल्याने हे साधले. विच्छिन्न तुमंत इंग्रजीत नेमके हेच कार्य करतो.

याचा अर्थ ही रचना सर्वत्र इष्ट आहे, असा मात्र नव्हे. ‘टू’ व क्रियापद यांच्यामध्ये लांबलचक शब्दसमूह घातल्यास वाचकाची दमछाक होते. ‘नॉट’ हा नकार औपचारिक लेखनात ‘टू’पूर्वी ठेवण्याचाच प्रघात आहे. क्रियाविशेषण वाक्याच्या शेवटी सहज व निःसंदिग्धपणे बसत असेल, तर ते तेथेच शोभते. परंतु हे शैलीचे प्रश्न होत, शुद्धाशुद्धतेचे नव्हेत.

सामाजिक परिणाम : नियमाला तर्काचा आधार नसला, तरी त्याचे परिणाम वास्तव असतात. अमेरिकन यादवी युद्धातील ‘अलाबामा’ या जहाजाविषयीच्या तंट्यातून १८७१ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांच्यात वॉशिंग्टन येथे तह झाला. त्या वाटाघाटींत ब्रिटिश परराष्ट्र खात्याने अन्य बाबतींत तडजोड केली. परंतु तहाच्या मसुद्यात ‘टू’ व क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालण्यास ठाम नकार दिला, असे सांगितले जाते. हा किस्सा अक्षरशः खरा मानला नाही, तरी तत्कालीन शिष्टवर्गाच्या मनावरील नियमाची पकड त्यातून कळते. रहस्यकथाकार रेमंड चँडलर (१८८८–१९५९) याने १९४७ मध्ये अटलांटिक मंथली  मासिकाच्या संपादकाला लिहिलेल्या पत्रात, आपण तुमंत हेतुपूर्वक विच्छिन्न करतो व मुद्रितशोधकाने ते सांधू नयेत, असे तिखट शब्दांत बजावले. १९६६ मध्ये सुरू झालेल्या स्टार ट्रेक  या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रास्ताविक निवेदनात अशी एक रचना होती. ती इतकी लोकप्रिय झाली, की पुढे या वादातील तेच सर्वपरिचित उदाहरण ठरले.

नियमाची छाया पुढे अन्य रचनांवरही पडली. साहाय्यक व मुख्य क्रियापद यांच्यामध्येही क्रियाविशेषण येऊ नये, असा एक उपनियम अमेरिकेतील काही लेखन-मार्गदर्शकांत शिरला. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांना अध्यक्षपदाची शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्‌स यांनी संविधानातील शब्दक्रम बदलला. साहाय्यक क्रियापदानंतर येणारे ‘निष्ठापूर्वक’ या अर्थाचे क्रियाविशेषण त्यांच्याकडून वाक्याच्या शेवटी गेले. दक्षता म्हणून दुसऱ्या दिवशी शपथ पुन्हा देण्यात आली. क्रियापद दुभंगविण्याविषयीच्या रुजलेल्या तिटकाऱ्यामुळे ही चूक झाली असावी, असे भाषावैज्ञानिक स्टीव्हन पिंकर यांनी सुचविले. तो तर्क मानला न मानला, तरी मूळ संविधानाचा शब्दक्रम या उपनियमात बसत नाही, ही गोष्ट उरतेच.

परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यास अशा नियमाची झळ अधिक लागते. मातृभाषकाजवळ स्वतःचा कान असतो. नियम पटला नाही, तर तो मोडण्याचे धैर्य त्याला होते. परकीय विद्यार्थ्यास मात्र पुस्तक हाच आधार असतो. ‘वाक्य शुद्ध करा’ या प्रश्नात त्याचे निर्दोष वाक्य चुकीचे ठरू शकते आणि ते सुधारताना तो अर्थच बिघडवू शकतो. शिवाय अशा नियमांवर वेळ खर्ची पडल्याने काळ, उपपद व वाक्यातील शब्दक्रम यांसारखी खरोखर अवघड प्रकरणे मागे पडतात.

सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजीची प्रमुख व्याकरणे व वापरकोश यांनी हा निषेध व्याकरणाचा नियम म्हणून मानलेला नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या नव्या इंग्रजी शब्दकोशाने या रचनेस मान्यता दिली, तेव्हा वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली. द इकॉनॉमिस्ट  या ब्रिटिश साप्ताहिकाची शैलीपुस्तिका हा नियम निराधार असल्याचे मान्य करूनही वाचकांच्या नाराजीस्तव तो पाळण्याचा सल्ला देत असे. २०१८ मध्ये तिनेही तो सोडून दिला. तथापि हा निषेध लोकांच्या मनातून पूर्णपणे गेलेला नाही. औपचारिक अर्ज, प्रबंध वा परीक्षा यांत वाचणारा कोणत्या मताचा असेल हे ठाऊक नसल्यामुळे अनेक सुजाण लेखकही सावधगिरी म्हणून ही रचना टाळतात. तसे करण्यात गैर काही नाही. मात्र ती वाचकाच्या समजुतीशी केलेली तडजोड असते, भाषेच्या नियमाचे पालन नव्हे, हे ओळखणे आवश्यक आहे.

इंग्रजीतील आणखी काही नियमांचा इतिहास असाच आहे. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, हा आक्षेप ड्रायडनने १६७२ मध्ये बेन जॉन्सन या नाटककाराच्या वाक्यांवर घेतला व पुढे त्याचा नियम झाला. लाउथने मात्र ती रचना इंग्रजीच्या स्वभावाला धरून असल्याचे व संभाषणात सहज चालत असल्याचे नमूद केले आणि तसे सांगताना त्याच रचनेचा उपयोग केला. सर्वसाधारण शिक्षितांच्या स्मरणात ड्रायडनचा आक्षेप उरला; लाउथचे तारतम्य उरले नाही.

मडके हवे असेल तर मनुष्य कुंभाराकडे जातो. परंतु शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या घरी कोणी जात नाही, अशा आशयाचे विवेचन पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी केले आहे. लोकांत शब्द आधीपासूनच असतात व शास्त्र त्यांची व्यवस्था लावते, हे त्यामागील तत्त्व होय. विच्छिन्न तुमंताच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. सातशे वर्षांच्या प्रयोगापैकी एक कालखंड निवडून त्यावरून नियम केला गेला आणि मग त्या नियमाने उरलेला प्रयोग अशुद्ध ठरविला. शिष्ट कोणास म्हणावे व त्यांचा प्रयोग किती कालावधीत तपासावा, हे ठरविल्यावाचून ‘शिष्टांचा प्रयोग’ हा आधार अपुरा असतो. म्हणूनच एखादी रचना अशुद्ध म्हणून सांगितली गेल्यास ती भाषेत केव्हापासून आहे, ती कोण वापरतो व ती टाळल्याने अर्थ स्पष्ट होतो की अस्पष्ट, हे तीन प्रश्न विचारणे हाच नियमाच्या परीक्षेचा विश्वसनीय मार्ग ठरतो. विच्छिन्न तुमंताचा निषेध या तिन्ही कसोट्यांना उतरत नाही.